ठिणगीची वेळ

क्रँकशाफ्ट मिनिटाला १००० फेरे घेत असतो तेव्हा एका मिलिसेकंदात तो ६ अंश फिरतो. ६००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो ३६ अंश पुढे गेलेला असतो. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडली म्हणून सिलिंडरमधले सगळे मिश्रण एकदम भडकत नाही. आधी जाळाचा छोटा गोळा धरतो, मग तो पसरत पिस्टनच्या माथ्यावरून भिंतीपर्यंत जातो, आणि त्याला मिलिसेकंदांत मोजण्याइतका वेळ लागतो. इंजिनाची पुरेपूर ताकद हवी असेल तर पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, खाली निघाल्यावर, साधारण १४ ते १८ अंशांच्या दरम्यान, सिलिंडरमधला दाब शिगेला पोहोचायला हवा. म्हणून पिस्टन अजून वर येत असतानाच, टीडीसीच्या बऱ्याच आधी, ठिणगी पाडावी लागते. किती आधी, याचे उत्तर इंजिन चालू असताना सतत बदलत असते. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन व्ही-८ इंजिनांत हे बदलते उत्तर वजने, स्प्रिंगा आणि रबरी पडदा यांच्या मदतीने शोधले जात होते. आज आपल्या गॅरेजमध्ये ते पुन्हा नीट कसे बसवायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

वेळ चुकली की इंजिन दोन तऱ्हांनी बोलते. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला दाब उलटा ढकलतो. शिवाय जाळ कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच तिथले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप फुटते, आणि खडखड असा नॉकिंगचा आवाज येतो. तो बराच काळ चालू राहिला तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या मधली पट्टी तुटते, हेड गॅस्केट जाते. उशीर झाला तर आवाज येत नाही, आणि म्हणूनच तो दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत जळतच राहते, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापतो, रेडिएटरवर ताण येतो, पेट्रोल वाया जाते, पायाखाली गाडी सुस्त वाटते. मग मालक मोठा रेडिएटर घेतो, दुसरा पंखा लावतो, कार्ब्युरेटर बदलतो. मूळ दोष मात्र डिस्ट्रिब्युटरच्या पायथ्याशी असलेल्या एका बोल्टपाशी असतो.

ही वेळ बदलण्याचे काम एकेकाळी ड्रायव्हरच करत असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टीअरिंगच्या खाली दोन दांडे होते, उजवीकडचा थ्रॉटलचा आणि डावीकडचा ठिणगीचा. हँडल मारून गाडी सुरू करताना ठिणगीचा दांडा मागे ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटे फिरून मनगट मोडायचे. गाडीने वेग घेतला की तो पुढे आणायचा. ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटांवर चालणारी इग्निशन तयार केली आणि १९१० च्या कॅडिलॅकवर ती आली. त्यांच्या डेल्को कंपनीच्या कामातून पुढे जी परंपरा उभी राहिली, तिचाच वारसा आपल्या विषयातल्या डिस्ट्रिब्युटरकडे आला. दांड्याचे काम हळूहळू यंत्राने उचलले. वेगाचा हिशेब फिरत्या वजनांकडे गेला, भाराचा हिशेब व्हॅक्यूमच्या डब्याकडे.

आपल्या विषयातली इंजिने मसल कारमधली. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेले मोठे इंजिन, अशी सोपी ओळख करून देता येईल. १९६४ साली पाँटियाकने टेंपेस्ट ल माँ या गाडीवर जीटीओ नावाचा पर्याय दिला आणि त्यात ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ बसवले. चार बॅरलच्या कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती आणि दोन बॅरलचे तीन कार्ब्युरेटर लावले तर ३४८, असे आकडे कंपनीने छापले. पुढची सहा-सात वर्षे चढाओढीची होती. १९६६ मध्ये क्रायस्लरने ४२६ हेमी रस्त्यावर आणले, १९६८ मध्ये फोर्डचे ४२८ कोब्रा जेट आले, आणि १९७० च्या शेव्हेलवर शेवरोलेने ४५४ घनइंचांचे ४५० अश्वशक्तीचे इंजिन दिले. १९७१ साली जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणले. विम्याचे हप्तेही वाढत गेले, आणि तो काळ सरला. या गाड्यांवर भरभरून लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक अश्वशक्तीबद्दल, क्वार्टर माइलच्या वेळांबद्दल आणि रंगांबद्दल आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली काय चालते, याबद्दल फार थोडे.

म्हणून या पुस्तिकेत मुख्य उदाहरण एकच घेतले आहे: शेवरोलेचे छोट्या ब्लॉकचे ३५० इंजिन, १९६७ पासून कॅमारोत आलेले. त्याच्या पाठीमागे, फायरवॉलला लागून, डेल्को-रेमीचा डिस्ट्रिब्युटर उभा असतो. कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरत असल्यामुळे तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरवर मोजलेला १ अंश म्हणजे क्रँकवर २ अंश. हे सुरुवातीलाच पक्के करून घ्यावे, कारण जुन्या मॅन्युअलमध्ये कधी एका मापाने आकडे दिलेले असतात, कधी दुसऱ्या, आणि त्या घोळातून चांगली इंजिने वाया गेली आहेत. रोटर काढला की खाली दोन वजने आणि दोन स्प्रिंगा दिसतात. फेरे वाढले की वजने बाहेर पडतात आणि पॉइंटांचा कॅम थोडा पुढे वळवतात. बाजूला बशीसारखा पत्र्याचा डबा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, पडद्याला जोडलेली काडी, आणि ती काडी ज्या प्लेटवर पॉइंट बसलेले आहेत ती प्लेट ओढते. दोन्ही यंत्रणा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत आणि त्यांच्या अंशांची बेरीज होते. पुढची सगळी चर्चा या बेरजेची आहे.

वजनांचे काम समजायला सोपे आहे. वेग वाढला की जळण्याला मिळणारा वेळ कमी होतो, म्हणून ठिणगी आधी हवी. पण मग ६००० फेऱ्यांवर १००० च्या सहापट ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगीची आघाडी, का लागत नाही? कारण वेगाबरोबर सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाची घुसळणही वाढते आणि जाळ जास्त जोराने पसरतो. साधारण ३००० फेऱ्यांच्या आसपास या दोन्ही वाढी एकमेकींना जवळजवळ गाठतात आणि पुढे ॲडव्हान्स वाढवायची गरज उरत नाही. म्हणून आलेखाची रेघ चढत जाते आणि मग सपाट होते. वजनांना खाचेत अडवणारी जी छोटी खुंटी असते, ती हीच सपाटी ठरवते. स्प्रिंगा किती कडक आहेत त्यावर चढ ठरतो.

व्हॅक्यूमचे काम मात्र पुष्कळ अनुभवी मेकॅनिकांनाही उलटे वाटते, म्हणून त्यावर जरा थांबू. गाडी सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने निवांत चाललेली असते तेव्हा थ्रॉटल जेमतेम उघडे असते. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडेच येते, तेही पातळ, आणि त्यात आधीच्या जळणाचा धूर मिसळलेला असतो. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर वणवा लागतो तेव्हा दाट वाळक्या गवतातून तो धावत सुटतो आणि विरळ गवतात अडखळत, एका झुपक्यावरून दुसऱ्यावर जात सरकतो. विरळ मिश्रणातला जाळ असाच सावकाश जातो. त्याला जास्त आधी पेटवावे लागते. नेमक्या याच वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोकळी, म्हणजेच व्हॅक्यूम, जोरदार असते, पडदा ओढला जातो आणि १० ते १६ अंश वरून मिळतात. पाय खाली दाबला की थ्रॉटल उघडते, पोकळी कोसळते, दाट मिश्रण आत येते, आणि त्याच क्षणी डबा आपले अंश परत घेतो. पूर्ण थ्रॉटलवर व्हॅक्यूम ॲडव्हान्स शून्य असतो. त्यामुळे तो शर्यतीतली ताकद कमी करतो हा समज निराधार आहे, आणि भार असताना तो इंजिनाला नॉक करायला लावतो हाही, फक्त डबा त्या इंजिनाला जुळणारा हवा.

आकडे मांडून पाहू. आयडलिंगला वजने गप्प असताना १२ अंश. ३००० फेऱ्यांपर्यंत वजनांचे २४ अंश त्यात मिळाले की एकूण ३६. निवांत चालीत वर डब्याचे १४, म्हणजे ५०. पन्नास हा आकडा पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पण हे ५० अंश पूर्ण भारावर कधीच नसतात. तिथे ३६ च राहतात. ३५० च्या जुन्या हेडना पूर्ण भारावर ३४ ते ३६ अंश मानवतात. ज्यांच्या ज्वलनकक्षाची रचना जास्त कार्यक्षम आहे, अशा नव्या हेडना कमी लागतात. कारखान्यातून आलेल्या गाड्यांवर बेस टायमिंग, म्हणजे आयडलिंगचा आकडा, मात्र ४ ते ८ अंशांच्या आसपास, काही उत्सर्जन-नियंत्रित मॉडेलांवर अगदी टीडीसीवर होते. उरलेले वजनांकडून भरून निघे. मॅन्युअलमधला बेस आकडा आणि दुसऱ्याच गाडीतून काढलेला डिस्ट्रिब्युटर यांची जोडी लावली की बेरीज भलतीच होते; आज रस्त्यावर असलेल्या या गाड्यांत हा प्रकार सर्रास आढळतो.

इतके उपयोगाचे यंत्र लोकांनी काढून का टाकले? ड्रॅग स्ट्रिपवरची गाडी पूर्ण थ्रॉटल सोडून दुसरे काही जाणत नाही, म्हणून तिच्या डिस्ट्रिब्युटरवर डबा नसतोच. ती गाडी पाहून घरी आलेल्या तरुणाने आपल्या रोजच्या गाडीची रबरी नळी काढली, तिथे बूच मारले, आणि ती गाडी शर्यतीची झाली असे मानले. ही चाल पिढ्यान् पिढ्या पसरली. परिणाम ठरलेले: हायवेवर पेट्रोल जास्त, गर्दीत पाणी तापणे, प्लग काळे, थ्रॉटल हळूच उघडताना येणारा जडपणा. माझे मत स्पष्ट आहे. जी गाडी बाजाराला जाते, घाट चढते, लाल दिव्याला उभी राहते, तिच्यावर चालू अवस्थेतला व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलाच पाहिजे.

दुसरे कारण सरकारी नियमांच्या इतिहासात आहे. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मॉडेलांपासून आणि अमेरिकेच्या संघ सरकारने १९६८ पासून गाडीच्या धुरावर मर्यादा घातल्या. न जळलेले हायड्रोकार्बन कमी करायचा एक स्वस्त मार्ग कंपन्यांना सापडला: आयडलिंगला ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, म्हणजे जळण एक्झॉस्टपर्यंत लांबते आणि उरलेसुरले तिथे जळून जाते. त्यासाठी व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरून काढून कार्ब्युरेटरच्या पोर्टवर नेली गेली. हे पोर्ट थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असते, त्यामुळे आयडलिंगला तिथे पोकळी पोहोचत नाही आणि डबा झोपून राहतो. १९७० मध्ये जनरल मोटर्सने ट्रान्समिशनशी जोडलेला स्विचही आणला, जो खालच्या गिअरांमध्ये डब्याची पोकळी तोडत असे. उशिरा पडणाऱ्या ठिणगीने इंजिन उभ्या जागी तापू लागले, तेव्हा त्याच कंपन्यांनी पाण्याच्या वाटेवर उष्णतेवर चालणारा झडपेचा स्विच बसवला: पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की नळी पुन्हा मॅनिफोल्डच्या पोकळीला जोडायची. आयडलिंगला ॲडव्हान्स दिला की इंजिन थंड होते, याची याहून चांगली साक्ष मला मिळालेली नाही. ती कारखान्यानेच दिली आहे.

मग नळी मॅनिफोल्डला जोडावी की पोर्टला? या प्रश्नावर अमेरिकेतल्या गॅरेजांत मैत्र्या तुटल्या आहेत. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की पोर्टची जोडणी नियमांच्या आधीही अस्तित्वात होती. फोर्ड आणि क्रायस्लरच्या कितीतरी गाड्या तशाच बनल्या होत्या आणि उत्तम चालत होत्या, त्यामुळे तिला केवळ उत्सर्जनाची उपाधी म्हणणे खोटे आहे. पण शेवरोलेच्या ३५० सारख्या इंजिनावर, विशेषतः मोठी कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी कॅमशाफ्ट) असेल तर, मी मॅनिफोल्डच्या बाजूने उभा आहे. मोठ्या कॅममुळे आयडलिंगला सिलिंडरमध्ये जुना धूर पुष्कळ राहतो आणि जाळ मंदावतो, म्हणून तिथेच जास्त अंशांची गरज असते. ते अंश मिळाले की फेरे आपोआप वाढतात. मग आयडलिंगचा स्क्रू मागे घेता येतो आणि थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद बसते. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. टायमिंग मागे असताना फेरे टिकवण्यासाठी स्क्रू आत घातलेला असतो, पाकळी उघडी राहते, कार्ब्युरेटरची ट्रान्सफर फट उघडी पडते, आणि मग आयडलिंगच्या मिश्रणाचे स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन ऐकत नाही. चावी बंद केल्यावरही इंजिन काही वेळ धडधडत राहते, ते बहुतेक यामुळेच. कार्ब्युरेटरला दोष देण्याआधी टायमिंग पाहा, हे वाक्य या पुस्तिकेत अनेकदा येईल.

डब्याची निवड हा वेगळाच अभ्यास आहे. बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून वेगळे असतात: कोणी ६ इंच पाऱ्याच्या पोकळीला हलायला लागतो आणि १२ ला पूर्ण उघडतो, कोणी ४ ला सुरू होऊन ८ ला संपतो. डब्याच्या पट्टीवर ठोकलेल्या क्रमांकावरून हे कळते. शेवरोलेच्या जोरकस कॅमच्या इंजिनांसाठी वापरला जाणारा बी-२८ हा ८ इंचांपाशी पूर्ण उघडणारा डबा आहे. नियम असा, की इंजिन आयडलिंगला जेवढी पोकळी देते त्यापेक्षा निदान २ इंच कमी पोकळीला डबा पूर्ण उघडलेला हवा. नाहीतर काठावर बसलेला पडदा सतत मागेपुढे होतो आणि फेरे डुलत राहतात. साध्या कॅमचे इंजिन समुद्रसपाटीला १७-१८ इंच देते, मोठ्या कॅमचे ९-१० वर अडते. उंचीचाही हिशेब धरा, कारण दर हजार फुटांमागे साधारण १ इंच पोकळी कमी होते. न्यू जर्सीत नीट चाललेली गाडी डेनव्हरला, ५२८० फुटांवर, नेली तर तिचा गेज ५ इंच कमी दाखवेल आणि तोच डबा तिथे जुळेलच असे नाही.

टायमिंग लाइट हातात घेण्याआधी ज्या खुणांवर विश्वास ठेवायचा, त्या खऱ्या आहेत का ते तपासावे लागते. क्रँकच्या पुढच्या टोकाचा बॅलन्सर दोन भागांचा असतो, मधला गाभा आणि बाहेरचे कडे, आणि त्यांच्यामध्ये रबर. पन्नास वर्षांत हे रबर सुटते, कडे सरकते आणि त्यावरची टीडीसीची रेघ खोटी ठरते. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप बसवून क्रँक हाताने दोन्ही दिशांनी फिरवायचा, थांबलेल्या दोन खुणांचा मध्य काढायचा. तीच खरी टीडीसी. ३६ अंश म्हणजे वर्तुळाचा बरोबर दहावा भाग, त्यामुळे बॅलन्सरच्या परिघाला दहाने भागले की एकूण टायमिंगची दुसरी रेघ कुठे मारायची ते मिळते. ८ इंच व्यासाच्या बॅलन्सरवर हे अंतर सुमारे अडीच इंच येते. टायमिंग चेनही पाहा. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात होते. ते झिजले की चेन सैल पडते आणि लाइटच्या उजेडात रेघ एका जागी उभी राहत नाही. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला असेल तर हेच लक्षण दिसते.

त्यानंतर पॉइंट. डेल्को-रेमीच्या टोपीला १९५७ पासून एक छोटी सरकती खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून तिच्यातून ॲलन की घालायची आणि ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, ३० अंशांवर आणायचा. ही सोय ज्याने केली त्याला मेकॅनिकचे हाल ठाऊक होते. ड्वेल आधी, टायमिंग नंतर, हा क्रम मोडू नये: ड्वेल १ अंशाने बदलला की टायमिंगही साधारण १ अंशाने सरकते. पॉइंटचा घासणारा ठोकळा झिजत जातो तसतशी गॅप मिटते, ड्वेल वाढतो आणि टायमिंग हळूहळू मागे पडते. गाडीचा पिकअप सहा महिन्यांत मालकाच्या नकळत गेला, असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९७५ च्या सुमारास पॉइंटांची जागा एचईआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली आणि ही झीज संपली. वजने आणि डबा मात्र तिथेही होते.

आता प्रत्यक्ष लावण्याची पद्धत. बहुतेक मॅन्युअल बेस टायमिंगपासून सुरुवात करतात. या पुस्तिकेत शेवटापासून, म्हणजे एकूण टायमिंगपासून, सुरुवात केली आहे, कारण इंजिन वाचते किंवा मरते ते तिथे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे, वजने पूर्ण बाहेर पडेपर्यंत फेरे वाढवायचे, रेघ पुढे सरकायची थांबली की ३६ वर लावायचे. नंतर आयडलिंगला येऊन बेस किती उरला ते वाचायचे. तो कमी पडत असेल तर वजनांची हालचाल आखूड करायची, आणि फार जास्त आला व गरम इंजिन स्टार्टरला जड जाऊ लागले तर उलट. हलक्या स्प्रिंगा बसवलेल्या असतील तर आयडलिंगलाच वजने अर्धवट बाहेर असतात आणि वाचलेला बेस खोटा असतो, हे लक्षात ठेवा. शेवरोलेचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून ॲडव्हान्ससाठी डिस्ट्रिब्युटर उलट्या दिशेने वळवायचा. पाँटियाकचा रोटर उलटा फिरतो, तिथे सगळे उलट. दोघांचा फायरिंग क्रम मात्र १-८-४-३-६-५-७-२ असा एकच.

पेट्रोलबद्दल थोडेसे. १९७१ पूर्वीच्या या इंजिनांतली बरीच १०.२५ किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशनची आणि शिसेयुक्त पेट्रोलवर वाढलेली. अमेरिकेतल्या पंपावर छापलेला ऑक्टेन आकडा दोन पद्धतींच्या मोजमापांची सरासरी असतो, भारतातला फक्त रिसर्च पद्धतीचा. त्यामुळे तिकडचा ९३ आणि इकडचा ९५ यांची तुलना आकड्यावरून करू नये. ९३ वालेच पेट्रोल वरचढ ठरते. पूर्ण थ्रॉटलवरचे नॉकिंग उघड्या सायलेन्सरच्या गर्जनेत ऐकू येत नाही, म्हणून कानावर भिस्त न ठेवता प्लग काढून त्याच्या चिनी मातीवर काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसतात का ते पाहावे. दिसले तर २ अंश मागे या, आणि तेही एकूण टायमिंगमधून.

हे सगळे मराठीत का, असे मला विचारले गेले. डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात काम करणाऱ्या मराठी इंजिनिअरांना दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर या शेकडो गाड्या रांगेने जाताना दिसतात आणि त्यांतल्या काहींना स्वतःची एक गाडी हवीशी वाटते. त्यांनी कॉलेजात शिकलेले इंजिन फ्युएल इंजेक्शनचे. डिस्ट्रिब्युटर त्यांच्या हाताखालून कधी गेलेला नसतो. उलट पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात ॲम्बॅसडर आणि पद्मिनी दुरुस्त करत आयुष्य घालवलेल्या मिस्त्रींच्या बोटांत पॉइंटची गॅप अजून जिवंत आहे, पण त्यांचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही. ॲम्बॅसडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरवरचा डबा आणि कॅमारोवरचा डबा एकाच तत्त्वावर चालतात. मिस्त्रींनी ही पुस्तिका वाचावी, आणि त्यांच्या शेजारी बसून नव्या मुलांनी ती त्यांना वाचून दाखवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. शब्द म्हणून गॅरेजमध्ये जे चालतात तेच ठेवले आहेत.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक छोटी तपासणी करा. डब्याची नळी डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला लावून दुसऱ्या टोकाने तोंडाने हवा ओढा आणि जिभेने नळी बंद करा. ओढ टिकली तर पडदा शाबूत आहे. सुटली तर पडदा फाटला आहे आणि डबा बदलल्याशिवाय पुढचे काहीही मोजण्यात अर्थ नाही.

आणि काम सुरू करताना: टायमिंग लाइटच्या उजेडात फिरता बॅलन्सर थांबल्यासारखा दिसतो आणि त्याच्याच पुढे फिरणारा पंखाही संथ किंवा स्थिर भासू शकतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा, बाह्या वर दुमडा, लाइटच्या वायरी पट्ट्यापासून दूर बांधा. गॅरेजचे दार पूर्ण उघडे ठेवा, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.